‘कॉम्पोझिट’चे दोन अनुवाद : बहुघटकतेची इंग्रजी विशेषणे आणि बेट्टदपुरची भाषा

१

म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर हे गाव एका डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. डोंगरमाथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देवस्थान आहे. ‘सिडिलु’ हा कन्नड शब्द विजेचा वाचक, तर ‘मल्लिकार्जुन’ हे नाव संस्कृत परंपरेतले. गावाच्या नावाचीही घडण अशीच आहे. ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर, ‘द’ हा कन्नड षष्ठीचा प्रत्यय आणि ‘पुर’ हे संस्कृत पद. डोंगराचे गाव एवढाच त्याचा अर्थ. परंतु दोन भाषाकुळांतील पदे आणि एक प्रत्यय त्यात एकत्र नांदतात. याच गावाच्या नावाने संकेती भाषेचा एक भेद ओळखला जातो. तमिळ-मलयाळम वळणाची, कन्नड परिसरात शतकानुशतके बोलली गेलेली आणि लिहावयाची झाल्यास कन्नड लिपीत लिहिली जाणारी ही भाषा. तिचे वर्णन करू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाताशी प्रथम येतात ती इंग्रजी विशेषणे : मिक्स्ड, हायब्रिड, कॉम्पोझिट, हेटेरोजिनियस. मराठीत लिहिताना त्यांची जागा मिश्र, संकरित, संमिश्र, विषमजातीय हे शब्द घेतात आणि वर्णन पूर्ण झाल्याचे समाधान मिळते.

प्रस्तुत निबंधाचा विषय हे समाधान तपासणे हा आहे. अनेक भिन्न घटकांनी बनलेल्या वस्तूसाठी वापरले जाणारे विशेषण केवळ वर्णन करीत नाही. घटकांचे परस्परांशी आणि समग्राशी नाते काय, याविषयीचा एक सिद्धांत त्यात दडलेला असतो. अनुवादात शब्द बदलतो तेव्हा हा सिद्धांतही बदलतो, आणि तो बदलल्याचे बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. तौलनिक साहित्याभ्यासाची बहुतेक सामग्री बहुघटक असल्यामुळे या शास्त्रात असे अनवधान विशेष महागात पडते.

२

इंग्रजीत या अर्थक्षेत्रातील विशेषणांची संख्या मोठी आहे, आणि ती एकमेकांचे पर्याय असल्याचा समज कोशांमुळे दृढ होतो. व्युत्पत्तीकडे पाहिले की त्यांची निरनिराळी घराणी दिसू लागतात.

पहिले घराणे मिसळण्याचे. ‘मिसेलेनियस’ हा शब्द लॅटिनमधील मिसळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. संस्कृतातील ‘मिश्र’ त्याच मुळाचा सगोत्र आहे. स्वयंपाकघरातून आलेले शब्द याच घराण्यातले : ‘हॉचपॉच’ हा एका भांड्यात शिजवलेल्या मिश्र कालवणाचा वाचक, ‘फॅरागो’ हा गुरांच्या मिश्र चाऱ्याचा, आणि ‘मॅकरॉनिक’ हे संमिश्र भाषेतील पद्याचे विशेषण तर इटालियन शेवयांवरून आलेले. या घराण्यात घटक आपला आकार गमावतात आणि उरते ती सर्वांची मिळून एक चव. दुसरे घराणे वंशाचे. ‘हेटेरोजिनियस’ म्हणजे ज्याचे घटक अन्य जातीचे आहेत असे. ‘हायब्रिड’च्या लॅटिन मूळ शब्दाने पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या संततीचा निर्देश होत असे. येथे प्रश्न रक्ताचा असतो आणि मिश्रणापूर्वी शुद्ध जाती होत्या हे गृहीत धरलेले असते.

तिसरे घराणे रंगाचे आणि वस्त्राचे. ‘पाइड’ हा शब्द मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यावरून आला. ‘मॉटली’ हे विदूषकाच्या रंगीबेरंगी पोशाखाचे नाव. ‘व्हेरिगेटेड’ आणि ‘चेकर्ड’ हेही याच गोतातले. येथे प्रत्येक रंग आपल्या जागी स्पष्ट राहतो. हॉपकिन्सची ‘पाइड ब्यूटी’ ही कविता १८७७ साली लिहिली गेली आणि १९१८ साली प्रसिद्ध झाली. ठिपक्याठिपक्यांच्या वस्तूंमध्ये ईश्वरी सौंदर्य पाहणाऱ्या या कवीने आपले विशेषण याच घराण्यातून घेतले. वंशाच्या घराण्यातील एखादे विशेषण तेथे बसले नसते. चौथे घराणे घडीचे आणि पैलूंचे : ‘मॅनिफोल्ड’, ‘मल्टिफॅसेटेड’. येथे वस्तू मुळात एकच असून अनेकता तिच्या पृष्ठांची असते. पाचवे घराणे रचनेचे. ‘कॉम्पोझिट’ म्हणजे एकत्र ठेवलेले, आणि ‘एक्लेक्टिक’ म्हणजे निवडून घेतलेले. येथे ठेवणारा किंवा निवडणारा कोणीतरी असावा लागतो.

एकाच वस्तूला ‘हॉचपॉच’, ‘हायब्रिड’, ‘व्हेरिगेटेड’ आणि ‘कॉम्पोझिट’ म्हणणे म्हणजे तिच्याविषयी चार भिन्न विधाने करणे होय. घटक विरघळले आहेत, विटाळले आहेत, शेजारी उभे आहेत की जोडले गेले आहेत, हा यातील भेद आहे.

३

मराठीची या क्षेत्रातील संपत्ती कमी नाही. ‘अष्टपैलू’ हा घडीच्या घराण्यातला शब्द आहे. ‘बहुपेडी’ हा दोराच्या पेडावरून आलेला शब्द तर इंग्रजीच्या पाचही घराण्यांत न सापडणारी कल्पना देतो : पेड सुटे असताना जे बळ नसते ते पीळ दिल्यावर येते, आणि पीळ उलगडला तर पेड पुन्हा सुटे करता येतात. ‘पंचमेळ’, ‘चित्रविचित्र’, ‘सरमिसळ’, ‘भेसळ’ यांतील प्रत्येकाची छटा वेगळी आहे. स्वयंपाकघरातील उपमाही मराठीत सर्वत्र हीनत्वदर्शक नाही. ‘खिचडी’ निंदेसाठी वापरली जाते हे खरे. परंतु ‘काला’ हा शब्द वारकरी परंपरेत सप्ताहाच्या समाप्तीचा आणि आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी होणाऱ्या सोहळ्याचा आहे. काल्यात प्रत्येकाची शिदोरी मिसळते, आणि ते मिसळणे हाच प्रसाद असतो.

मिश्र भाषेसाठी मराठीत रूढ असलेले ‘धेडगुजरी’ हे विशेषण मात्र याच्या उलट टोकाला आहे. त्याचे पूर्वपद एका जातीचे तुच्छतेने घेतलेले नाव आहे. भाषेतील सरमिसळीचा दोष दाखविण्यासाठी मराठीने जातिवाचक शब्द योजला आणि लेखक-समीक्षकांनी तो दीर्घकाळ निर्धोकपणे वापरला. वंशाचे घराणे मराठीत कोणत्या मार्गाने शिरले याचा हा एक पुरावा मानता येईल.

दुसरा पुरावा ‘संकर’ या शब्दाचा. होमी भाभा यांच्या ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) या ग्रंथानंतर ‘हायब्रिडिटी’ ही संज्ञा आपल्याकडील चर्चेत आली आणि मराठीत तिच्यासाठी ‘संकर’ व ‘संकरितता’ हे शब्द वापरले जाऊ लागले. भाभांच्या विवेचनात ही संज्ञा सत्तेच्या अधिकारवाणीला अस्थिर करणारी आहे. रॉबर्ट यंग यांनी ‘कलोनियल डिझायर’ (१९९५) मध्ये तिच्यामागील एकोणिसाव्या शतकातील वंशविचाराकडे लक्ष वेधले होते. मराठी अनुवादाने त्यावर आणखी एक थर चढवला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी वर्णसंकराचे भय आहे आणि धर्मशास्त्रात संकर हा दोष आहे. मुक्तीची संज्ञा म्हणून आणलेला शब्द मराठीत उतरताना भयाची स्मृती घेऊन उतरला. शेतीच्या व्यवहाराने या शब्दाला तिसरा अर्थ दिला. संकरित ज्वारीचे सी.एस.एच.-१ हे वाण १९६४ साली आले. उत्पन्न वाढले, पण ग्रामीण बोलीत ‘हायब्रीड’ हा शब्द दिसायला मोठे परंतु कसाला उतरत नाही अशा कोणत्याही वस्तूसाठी रूढ झाला. वंश, धर्म आणि शेत यांचे हे तीन अर्थ एका शब्दात असताना ‘संकरित साहित्य’ असा प्रयोग करणाऱ्या समीक्षकाला यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे वाचकाने कसे ठरवावे?

येथे एक बाब लक्षणीय आहे. ‘संकर’ आणि ‘संकीर्ण’ हे दोन्ही शब्द एकाच उपसर्गधातूपासून सिद्ध होतात. तरीही ग्रंथालयाच्या सूचीत ‘संकीर्ण’ हा निरुपद्रवी विभाग असतो, आणि ‘संकर’ उच्चारताच कुळाचा प्रश्न उभा राहतो. व्युत्पत्ती शब्दाचे घराणे सांगते; त्याचे मूल्य मात्र त्याच्या वापराचा इतिहास ठरवितो.

४

सर्वांत बोधप्रद उदाहरण भारतीय संविधानातील आहे. १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद ५१-क समाविष्ट झाला. त्यातील एका कर्तव्यात ‘कॉम्पोझिट कल्चर’च्या वारशाचा उल्लेख आहे. हिंदी पाठात येथे ‘सामासिक’ हे विशेषण आहे, तर मराठी पाठात ‘संमिश्र’. इंग्रजी शब्द एक, अनुवाद दोन, आणि ते दोन भिन्न घराण्यांतले. ‘समास’ म्हणजे एकत्र ठेवणे. लॅटिन मूळ शब्दाचाही अर्थ तोच असल्याने हिंदी पर्याय रचनेच्या घराण्यात राहतो. मराठी पर्याय मात्र वस्तूला मिसळण्याच्या घराण्यात नेतो.

हा भेद शब्दच्छल नव्हे. समासाचे व्याकरण असते. पूर्वपद प्रधान आहे, उत्तरपद प्रधान आहे, दोन्ही आहेत की त्यांहून अन्य असे काही प्रधान आहे, हे प्रश्न समासाला विचारता येतात आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी विग्रह करता येतो. मिश्रणाचा विग्रह होत नाही. दुधात साखर विरघळल्यावर ती किती होती एवढेच विचारता येते. संस्कृतीला ‘सामासिक’ म्हणणारा तिच्या घटकांच्या प्राधान्याविषयी प्रश्न विचारण्याची सोय ठेवतो; ‘संमिश्र’ म्हणणारा सलोख्याचे आश्वासन देतो आणि तो प्रश्न मिटवून टाकतो.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सूक्ष्म विचार झालेला आहे. वैशेषिकांनी रूपाचे सात प्रकार मानले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित आणि कपिश यांच्यानंतर ‘चित्र’ हे सातवे रूप येते. अनेकरंगी वस्त्राचा रंग कोणता, या प्रश्नाचे ते उत्तर आहे : तो अनेक रंगांचा समुच्चय नसून ‘चित्र’ नावाचे एकच स्वतंत्र रूप आहे. नव्यनैयायिकांपैकी काहींना हे मान्य नव्हते. एका वस्त्राच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे रंग आहेत असे म्हणणे त्यांना पुरेसे वाटले. वेदान्तातील पंचीकरणाची प्रक्रिया वेगळे उत्तर देते. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. नाव मात्र निम्म्या अंशावरून पडते. पृथ्वीत जल, तेज, वायू, आकाश हे सर्व असूनही ती पृथ्वीच म्हटली जाते, कारण तिच्यात पृथ्वीचे आधिक्य असते.

साहित्याच्या क्षेत्रात हाच वाद नव्या रूपात उभा राहिला. भारतीय साहित्य अनेक भाषांत लिहिले गेले असले तरी एकच आहे, ही साहित्य अकादमीच्या (स्थापना १९५४) आरंभकाळापासून परिचित असलेली भूमिका ‘चित्ररूप’वाद्यांची म्हणता येईल. तिला आक्षेप घेणारे अभ्यासक रंगांच्या स्वतंत्र अस्तित्वाचा आग्रह धरतात. या वादाला आपल्या परंपरेत पूर्वपीठिका आहे याची जाणीव दोन्ही पक्षांना असती, तर एकता आणि विविधता या दोन नामांपाशी चर्चा इतकी रेंगाळली नसती.

५

आता बेट्टदपुरकडे वळता येईल. संकेती समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज आजच्या तमिळनाडू-केरळ सीमेवरील शेंकोट्टईच्या परिसरातून, नाचारम्मा या विदुषीच्या कथेशी निगडित अशा कारणाने, कन्नड प्रदेशात आले. कौशिक, बेट्टदपुर आणि लिंगदहळ्ळी ही त्यांच्या भाषाभेदांची परंपरागत नावे. व्याकरणाचा सांगाडा तमिळ-मलयाळम वळणाचा, शब्दसंग्रहात कन्नड व संस्कृत यांचा मोठा वाटा, अशी या भाषेची स्थूल रूपरेषा सांगितली जाते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत तिला स्थान नाही. एखाद्या प्रमाणभाषेची बोली म्हणून तिची नोंद करणे ही पंचीकरणाची रीत झाली : आधिक्यावरून नाव. २०११च्या जनगणनेत सुसूत्रीकरणानंतर १,३६९ मातृभाषा उरल्या आणि दहा हजारांहून अधिक भाषकांच्या भाषा १२१ ठरल्या. मातृभाषांना भाषांच्या नावाखाली एकत्र करण्याची ही पद्धत अशाच न्यायाने चालते. प्रशासनाला ती आवश्यक असेल. पण नाव आधिक्यावरून पडले म्हणून अष्टमांश नाहीसे होत नाहीत, हे पंचीकरणाच्या प्रक्रियेतच सांगितलेले आहे. वर्गीकरण करणाऱ्यास मात्र त्याचा सहज विसर पडतो.

संकेतीला ‘हायब्रिड’ म्हणण्यात याहून मोठी चूक आहे. ही भाषा बोलणारा समाज ब्राह्मण समाज असून विवाहसंबंधांच्या मर्यादा त्याने परंपरेने कसोशीने पाळल्या. भाषेत शेजाऱ्याला घर दिले गेले, कुळात नाही. भाषेचे बहुघटक असणे आणि समाजाचे मोकळे असणे ही एकच गोष्ट नव्हे, हे वंशाच्या घराण्यातील विशेषण झाकून टाकते. ते भाषेवर आनुवंशिकतेचा आरोप करते आणि ज्या ठिकाणी वंशाचा आग्रह खरोखर आहे तेथे अभ्यासकाचे लक्ष जाऊ देत नाही.

मराठी सीमाभागातील कुपवाडचे उदाहरण हेच वेगळ्या रीतीने सिद्ध करते. सांगलीजवळच्या या गावाविषयी जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. मराठी, कन्नड आणि उर्दू या तेथील भाषांची वाक्यरचना परस्परांच्या इतकी जवळ आली होती की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत असे. शब्द मात्र वेगळे राहिले होते, कारण घरात बोलली जाणारी भाषा ही आपल्या समूहाची खूण होती. संकेतीत शब्दांची आवक मोठी असून सांगाड्याचे कूळ ओळखू येते. कुपवाडात सांगाडा जवळजवळ एक झालेला असून शब्द आपापल्या घरचे. ‘मिश्र’ हे विशेषण दोन्हींना लागू पडते, आणि म्हणूनच दोन्हींविषयी काहीच सांगत नाही.

तिसरे उदाहरण तंजावरचे. शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा आहेत. या नाटकाला ‘मॅकरॉनिक’ म्हणण्याचा मोह होऊ शकतो. परंतु मॅकरॉनिक पद्यात एका भाषेचे शब्द दुसरीच्या प्रत्ययांत गुंफून हास्य निर्माण केले जाते. शहाजीच्या नाटकात पात्रागणिक भाषा बदलते आणि प्रत्येक भाषा आपला दर्जा राखते. येथे रंगाच्या घराण्यातील विशेषण योग्य ठरेल, किंवा समासाच्या परिभाषेत बोलायचे तर हा द्वंद्व आहे.

६

दक्षिणेतील भाषाविचाराने अशा रचनांची आपली परिभाषा घडविली होती. केरळातील मणिप्रवाळाचे शास्त्र सांगणारा ‘लीलातिलकम्’ हा चौदाव्या शतकातील ग्रंथ मानला जातो. मणी आणि पोवळे एका सूत्रात ओवणे ही त्यातील मध्यवर्ती कल्पना आहे. मणी म्हणजे माणिक घेतले तर दोन्हींचा रंग जुळतो : मणी वेगळे, माळ एक. कन्नड परंपरा याबाबत अधिक सावध होती. नयसेनाने बाराव्या शतकात संस्कृत व कन्नड यांच्या सरमिसळीला तूप आणि तेल एकत्र करण्याची उपमा दिली. केशिराजाच्या ‘शब्दमणिदर्पणा’त, तेराव्या शतकात, संस्कृत आणि कन्नड पदांच्या समासाला ‘अरिसमास’ म्हणून दोष दिला आहे. ‘अरि’ म्हणजे शत्रू. तेव्हा देशी परिभाषा नेहमीच उदार होती असे समजण्याचे कारण नाही. ‘धेडगुजरी’ आणि ‘अरिसमास’ यांत मात्र फरक आहे. अरिसमास हा व्याकरणाने दाखविलेला आणि म्हणून व्याकरणाने खोडता येण्याजोगा दोष आहे. धेडगुजरी हा बोलणाऱ्याच्या जन्मावर ठेवलेला ठपका आहे.

या पार्श्वभूमीवर ‘बेट्टदपुर’ हे नाव पुन्हा पाहण्यासारखे आहे. ‘बेट्ट’ आणि ‘पुर’ ही पदे थेट जुळली असती तर व्याकरणकाराला आक्षेपाची संधी मिळाली असती. ‘द’ हा प्रत्यय लोप न पावता मधे उभा आहे. संस्कृत व्याकरणात पूर्वपदाची विभक्ती टिकवून होणाऱ्या समासाला ‘अलुक् समास’ म्हणतात. ‘युधिष्ठिर’, ‘सरसिज’ ही त्याची परिचित उदाहरणे. काटेकोर कन्नड व्याकरणाने बेट्टदपुरला समास म्हणावे की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु बहुघटकतेचा जो प्रकार या नावात दिसतो त्याला इंग्रजीच्या पाच घराण्यांत नाव नाही. घटक समग्रात आला आहे, स्वतःचा प्रत्यय घेऊन आला आहे, आणि त्या प्रत्ययामुळेच जोडही झाला आहे. वेगळेपणाची खूण हीच येथे संबंधाची खूण आहे. ‘हायब्रिड’मध्ये खूण मिटते, ‘व्हेरिगेटेड’मध्ये खूण राहते पण संबंध सांगितला जात नाही. संकेतीचा मूळ सांगाडा कन्नडभूमीत टिकून राहिला आणि तरीही ती त्या भूमीची भाषा झाली, याचे वर्णन ‘अलुक्’ या कल्पनेने जितके नेमके होते तितके ‘मिश्र’ने होत नाही.

उपमेला मर्यादा असतात. भाषा हा शब्द नव्हे, आणि समाजाचा विग्रह कागदावर करता येत नाही. शिवाय समासाची परिभाषा स्वीकारली तरी प्राधान्य कोणाचे हा प्रश्न सुटत नाही. तो विचारता येतो इतकेच. पण विचारता येणे ही तौलनिक अभ्यासाची पहिली गरज आहे. बहुघटक कृतीला विशेषण लावण्यापूर्वी घटक कोणत्या थरावर एकत्र आले, त्यांच्या खुणा राहिल्या की गेल्या, नाव कोणाच्या आधिक्यावरून पडले आणि ते कोणी पाडले, एवढे तरी तपासले जावे. मराठी समीक्षेपुढे इंग्रजी विशेषणांचे पर्याय शोधण्याचे काम आहेच. त्याआधीचे काम ‘संमिश्र’ आणि ‘संकरित’ या रुळलेल्या पर्यायांनी कोणते प्रश्न विचारण्याचे थांबविले, याचा हिशेब मांडण्याचे आहे.